साखरेचा कोळसा आणि हरवलेलं सोडियम : हार्ड कार्बन ॲनोडचं एक प्रकरण

साखरेचा पाक गॅसवर विसरला की पातेल्याच्या बुडाशी काळा, ठिसूळ, फुगलेला थर उरतो. आज बाजारात येणाऱ्या बहुतेक सोडियम-आयन बॅटऱ्यांचा ॲनोड, म्हणजे चार्ज होताना सोडियम साठवून घेणारं ऋण टोक, या थराचा जवळचा नातेवाईक आहे. २००० साली कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात डेव्हिड स्टीव्हन्स आणि जेफ डान यांनी ग्लुकोज हवा लागू न देता हजार अंशांच्या वर तापवलं. उरलेल्या कोळशाचा ॲनोड केला, तर त्यात ग्रॅममागे सुमारे ३०० मिलिॲम्पिअर-तास भरेल इतकं सोडियम शिरलं आणि परतही निघालं. लिथियमच्या बॅटरीतल्या ग्राफाइटची सैद्धांतिक मर्यादा ३७२ आहे. म्हणजे साखरेचा कोळसा पहिल्याच प्रयत्नात फार मागे नव्हता. (यापुढे क्षमतेचा नुसता आकडा दिला असेल तिथे ‘मिलिॲम्पिअर-तास दर ग्रॅमला’ असं धरावं.)

मग गाडं अडलं कुठे? चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीने आपली पहिली सोडियम-आयन बॅटरी जाहीर केली ती जुलै २०२१ मध्ये, या शोधानंतर दोन दशकांनी. एक कारण उघड आहे. तोवर लिथियमची घडी नीट बसली होती, सोडियमची कुणाला निकड नव्हती. पण दुसरं कारण पदार्थाच्या पोटात होतं, आणि हे सगळं प्रकरण त्याचंच आहे. हा ॲनोड सोडियम घ्यायचा उदारपणे, पण पहिल्याच चार्जमध्ये त्यातला मोठा वाटा कायमचा गिळून टाकायचा. उरलेला पुढे दर चक्राला, म्हणजे चार्ज-डिस्चार्जच्या दर फेरीला, थोडा थोडा झिरपत जायचा.

ग्राफाइटशी न जमलेली सोयरीक

सोडियमसाठी ग्राफाइट का वापरत नाहीत, याचं छापील उत्तर असं असतं की सोडियमचा आयन मोठा आहे आणि ग्राफाइटच्या थरांमधली ०.३३५ नॅनोमीटरची फट त्याला पुरत नाही. हे उत्तर इतक्या ठिकाणी इतक्या ठामपणे लिहिलेलं असतं की ते चूक आहे हे सांगताना थोडं वाईटच वाटतं. लिथियमच्या आयनाची त्रिज्या ०.०७६ नॅनोमीटर, सोडियमची ०.१०२ आणि पोटॅशियमची ०.१३८. आकाराचंच कारण असतं, तर पोटॅशियमने दारातूनच परतायला हवं होतं. प्रत्यक्षात पोटॅशियम ग्राफाइटमध्ये ऐसपैस शिरतं, आठ कार्बन अणूंमागे एक अशा दाटीने बसतं आणि २७९ इतकी क्षमता देतं. सोडियम मात्र चौसष्ट कार्बनांमागे एक, म्हणजे जेमतेम ३५ वर अडकतं. रांगेत पुढचा आत, मागचाही आत, मधलाच बाहेर.

खरी अडचण देण्याघेण्याच्या हिशोबात आहे. धातूतून सुटून कार्बनच्या थरांत बसण्यासाठी जी ऊर्जा मोजावी लागते, तिची भरपाई कार्बनशी जडणाऱ्या बंधातून व्हावी लागते. लिथियमचा कार्बनशी बंध घट्ट असतो. पोटॅशियमला इलेक्ट्रॉन सोडायला फारसे कष्ट पडत नाहीत. सोडियमला यातली एकही सवलत नाही, त्यामुळे ग्राफाइटमध्ये राहण्यापेक्षा धातू म्हणून बाहेर साचणं त्याला स्वस्त पडतं.

एक आडवाट होती. २०१४ मध्ये जर्मनीतल्या याखे आणि आडेलहेल्म यांनी ईथर जातीचा द्रावक वापरला, तेव्हा सोडियम त्या द्रावकाच्या रेणूंसकट ग्राफाइटमध्ये शिरलं आणि हजार चक्रं टिकलं. क्षमता मात्र शंभराच्या आसपास, शिवाय पाहुण्याबरोबर त्याचं सगळं बिऱ्हाड आत आल्यावर ग्राफाइट भयंकर फुगतं. टिकाऊपणाचा हा नमुना सुंदर आहे, पण बॅटरीच्या डब्यात जागा मोजून मिळते.

पत्त्यांचा बंगला

साखरेचा कोळसा वेगळा का, याचा धागा पार १९५१ पर्यंत मागे जातो. डीएनएच्या छायाचित्रासाठी ओळखल्या जाणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिन त्याआधी पॅरिसमध्ये कोळशावर काम करत होत्या. क्ष-किरणांच्या मदतीने त्यांनी कार्बनचे दोन वर्ग पाडले : तापवत नेल्यावर ग्राफाइट होणारे, आणि ३००० अंशांपर्यंत नेले तरी न होणारे. दुसऱ्या वर्गात कार्बनचे छोटे पापुद्रे एकमेकांना आडव्यातिडव्या बंधांनी इतके जखडलेले असतात की उष्णता देऊनही ते वळून नीट थप्पी लावू शकत नाहीत. साखर, लाकूड, नारळाची करवंटी अशा ऑक्सिजनने भरलेल्या पदार्थांचा कोळसा या वर्गात मोडतो. यालाच हार्ड कार्बन म्हणतात.

डान यांच्या गटाने त्याचं चित्र पत्त्यांच्या बंगल्यासारखं रंगवलं. दोन-तीन पत्ते जवळजवळ समांतर, पुढचे दोन तिरके, आणि मध्ये जागोजागी नॅनोमीटरभर पोकळ्या. समांतर पत्त्यांमधलं अंतर ग्राफाइटपेक्षा जास्त, ०.३७ नॅनोमीटर किंवा त्याहून थोडं अधिक. सोडियम भरताना व्होल्टेजचा आलेख दोन भागांत दिसतो. आधी एक व्होल्टच्या आसपासपासून ०.१ व्होल्टपर्यंत उतार, आणि त्यानंतर ०.१ च्या खाली लांबलचक सपाट पठार.

उतारावर सोडियम कुठे बसतं आणि पठारावर कुठे, यावर पंधरा-वीस वर्षं वाद चालला. पत्त्यांच्या मध्ये आधी आणि पोकळीत नंतर, हे स्टीव्हन्स आणि डान यांचं मत. पुढे ओरेगनमधल्या गटाने उताराचं श्रेय कार्बनमधल्या दोषांना दिलं. २०१६ मध्ये केंब्रिजला क्लेअर ग्रे यांच्या गटाने सेल चालू असतानाच सोडियमचा चुंबकीय अनुनाद मोजला आणि पठाराच्या भागात सोडियमचे अणू जवळजवळ धातूसारखे पुंजके करतात असं दाखवलं. पोकळ्या भरतात आणि त्या शेवटी भरतात, हे त्यानंतर बहुतेकांनी मान्य केलं. उताराबद्दलची कुरकुर अजून मिटलेली नाही, पण आयुष्याच्या प्रश्नाला ती फारशी आड येत नाही. त्यासाठी महत्त्वाची गोष्ट एकच : क्षमता हवी तर पोकळ्या हव्यात. आणि गळतीही याच पोकळ्यांतून होते.

गळतीचा हिशोब

दुधावर साय धरते तशी, ॲनोड पहिल्यांदा चार्ज होताना त्याच्या पृष्ठभागावर एक पातळ साय धरते. इतक्या कमी व्होल्टेजला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बॅटरीच्या दोन टोकांमध्ये आयन वाहून नेणारा द्रव, तग धरत नाही, तो फुटतो, आणि त्याचे तुकडे सोडियमशी जोडून पृष्ठभागावर बसतात. ही साय हवीच. ती नसेल तर इलेक्ट्रोलाइट फुटतच राहील. पण तिच्यात अडकलेलं सोडियम परत येत नाही. पृष्ठभाग जितका जास्त तितकी साय जास्त. आणि हार्ड कार्बनच्या पोकळ्यांची तोंडं उघडी असतील, तर इलेक्ट्रोलाइट आत शिरतो आणि भिंतीभिंतीवर साय धरत जातो.

ढोबळ गणित मांडून पाहू. ॲनोडमधून परत मिळणारी क्षमता ३०० हवी आहे. पहिल्या चार्जची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर पहिल्यांदा ३७५ इतकं सोडियम ओतावं लागेल, त्यातलं ७५ बुडीत खाती. कार्यक्षमता ९० टक्क्यांवर नेली तर ३३३ पुरतं. आता हे सोडियम येतं कुठून? समोरच्या धन टोकातून, म्हणजे कॅथोडमधूनच, बॅटरीपाशी दुसरी खाण नाही. म्हणजे ८० टक्केवाल्या ॲनोडसाठी साडेबारा टक्के जास्त कॅथोड भरावा लागतो, आणि पहिल्या दिवसानंतर ते जादा वजन नुसतं वाहायचं.

पहिला फटका मोठा दिसतो म्हणून नजरेत भरतो. पुढची गळती बारीक असते आणि माझ्या मते जास्त घातक. दर चक्राला ९९.९ टक्के सोडियम परत आलं, तर कानाला किती छान वाटतं. हजार चक्रांनी त्यातलं उरतं ३७ टक्के. ९९.९९ टक्के परत आलं तर हजारानंतर ९० उरतं. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये आपलं सोडियम-आयन तंत्र जाहीर करताना ३००० ते ६००० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता शिल्लक राहते असं सांगितलं. पुण्याच्याच आयसर या विज्ञान संस्थेतले प्राध्यापक सतीशचंद्र ओगले त्या कामात आहेत. क्षमतेची सगळी घट सोडियम हरवण्यामुळेच होते असं धरलं, तर ३००० चक्रांसाठी दर खेपेला ९९.९९३ टक्के सोडियम परत यायला हवं आणि ६००० साठी ९९.९९६ टक्के. म्हणजे तेरा हजार, किंवा सव्वीस-सत्तावीस हजार आयनांमागे एकच वाट चुकायला परवानगी. पाचवा आणि सहावा अंक मोजायची ही गोष्ट आहे, नुसत्या ‘क्षमता वाढली’ या मथळ्यात ती कुठे दिसत नाही.

न दिसण्याचं कारणही मजेशीर आहे. प्रयोगशाळेत नवा ॲनोड तपासतात तो बहुधा अर्ध्या सेलमध्ये. एका बाजूला ॲनोडचा पदार्थ, समोर सोडियम धातूची जाड चकती. या चकतीत सोडियमचा साठा गरजेच्या कितीतरी पट असतो. वाटेत कितीही सांडलं तरी विहिरीतून नवी घागर येते, आणि आलेख शेकडो चक्रं सपाट राहतो. खऱ्या सेलमध्ये विहीर नसते, मोजून भरलेली एकच घागर असते. अर्धा सेल उलट्या दिशेनेही फसवतो. झपाट्याने चार्ज करताना सोडियमच्या चकतीवर स्वतःचाच विरोध वाढतो, व्होल्टेज वेळेआधी शून्याला टेकतं, आणि पठाराची पूर्ण क्षमता मिळण्याआधी चाचणी संपते. मग चांगल्या कार्बनवरही ‘वेगाला कच्चा’ असा शिक्का बसतो.

साय विरघळते

लिथियमच्या अनुभवावर विसंबून सोडियमकडे वळलेल्यांना आणखी एक धक्का बसला. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या गटाने २०१६ मध्ये दोन्ही प्रकारच्या सायींची तुलना केली. सेल मध्येच थांबवून, विश्रांती देऊन पाहिला, तेव्हा सोडियमची साय इलेक्ट्रोलाइटमध्ये जास्त विरघळते असं दिसलं. सोडियमचे क्षार लिथियमच्या तशाच क्षारांपेक्षा या द्रावकांत सहज विरतात. साय विरली की उघड्या पडलेल्या कार्बनवर नवी साय धरते, आणि त्यासाठी पुन्हा सोडियम खर्ची पडतं.

याचा अर्थ असा की बॅटरी वापरात नसतानाही झिजते. घरातल्या इन्व्हर्टरसाठी किंवा मोबाइल टॉवरसाठी ठेवलेली बॅटरी बहुतेक वेळ भरलेल्या अवस्थेत स्वस्थ बसून असते. तिच्या आयुष्याबद्दल चक्रांचा आकडा अर्धीच माहिती देतो. भरलेला सेल महिनाभर ठेवल्यावर किती उतरला, त्यातलं किती परत मिळालं आणि किती कायमचं गेलं, हे विचारलं पाहिजे.

इथे पहिला ठोस उपाय टोकियोतून आला. टोकियो विज्ञान विद्यापीठातल्या शिनिची कोमाबा यांच्या गटाने २०११ मध्ये हार्ड कार्बन आणि निकेल-मँगनीजचा थरदार ऑक्साइड यांचा पूर्ण सेल स्थिरपणे चालवून दाखवला. द्रावक बदलला की तोच कार्बन कसा वेगळा वागतो, हे त्यांनी बारकाईने तपासलं. त्याच वर्षी फ्लुओरोइथिलीन कार्बोनेट हा पदार्थ थोडासा घातला तर साय सुधारते, हेही त्यांनीच मांडलं. कार्बनला हात न लावता त्याचं आयुष्य वाढवता येतं, हा या कामाचा धडा. त्याआधी जो तो नवनवा कार्बन भाजण्यात गुंतला होता.

भट्टीतला उपाय आणि त्याची हद्द

साधा मार्ग म्हणजे जास्त तापवणं. हजार अंशांच्या आसपास भाजलेल्या कोळशात ऑक्सिजनचे अवशेष, तुटक्या कडा आणि उघड्या तोंडाच्या पोकळ्या भरपूर असतात. तेराशे ते पंधराशे अंशांकडे जाताना पत्ते थोडे वाढतात, एकमेकांकडे सरकतात आणि पोकळ्यांची तोंडं मिटू लागतात. आतली जागा शाबूत, वाट बंद. इलेक्ट्रोलाइटला दिसणारा पृष्ठभाग घटतो आणि पहिल्या चार्जची कार्यक्षमता वाढते. पठार लांबतं.

त्याही पुढे गेलं की पत्त्यांमधलं अंतर कमी होतं, उताराचा भाग आटतो, आणि एका टप्प्यानंतर सोडियमला आत पोचायला वाटच उरत नाही. वीजबिल वेगळंच. शिवाय पठार लांबवण्याचा एक तोटा आहे, तो उत्साहाच्या भरात बाजूला पडतो. पठार शून्य व्होल्टच्या अगदी काठावर असतं. थंडीत किंवा घाईने चार्ज केलं की आयनांना पोकळीपर्यंत जायला सवड मिळत नाही, ते पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात. त्यातून सोडियमही वाया जातं आणि सुरक्षेचाही प्रश्न उभा राहतो. म्हणून सेल बांधताना कॅथोडच्या मानाने ॲनोड थोडा जास्त ठेवतात.

सुरईचं तोंड

या प्रकरणातलं मला सर्वांत आवडलेलं वळण अलीकडचं आहे. तोवर पोकळी आणि तिचं तोंड या दोन गोष्टी भट्टीत एकत्रच घडत होत्या. त्या वेगळ्या करता येतील का?

कोमाबा यांच्या गटाने २०२१ मध्ये पोकळीच्या बाजूने हात घातला. ग्लुकोजमध्ये मॅग्नेशियम ग्लुकोनेट मिसळलं आणि आधी ६०० अंशांवर तापवलं. त्यात मॅग्नेशियम ऑक्साइडचे नॅनोमीटरभर कण तयार झाले, ते आम्लाने धुऊन काढले, आणि मग सगळं १५०० अंशांवर भाजलं. मोदकाचा साचा काढून घ्यावा तशा कणांच्या जागी पोकळ्या राहिल्या. क्षमता मिळाली ४७८. वीस वर्षांनी पुन्हा ग्लुकोजच, पण आकडा ग्राफाइटच्या सैद्धांतिक मर्यादेच्याही पलीकडे.

चीनमधल्या त्यानजिन विद्यापीठातल्या यांग च्वान-होंग यांच्या गटाने २०२२ मध्ये उलट टोक पकडलं. त्यांनी बाजारात मिळणारा सच्छिद्र कार्बन घेतला. तसाच वापरला तर तो ॲनोड म्हणून निकामी, कारण इलेक्ट्रोलाइट सगळीकडे घुसतो. त्यांनी मिथेनची वाफ देऊन पोकळ्यांच्या तोंडाशी कार्बनचा लेप चढवला आणि तोंड ०.४ नॅनोमीटरपेक्षा अरुंद केलं. पोट मोठं, गळा चिंचोळा, अगदी सुरईसारखं. द्रावकाचे रेणू लपेटून आलेला सोडियम आयन त्या गळ्यातून जात नाही. त्याला रेणूंचं पांघरूण दाराशी उतरवून एकट्यालाच आत जावं लागतं. साय धरते ती बाहेरच्या बाजूला, आत पुंजके जमतात. क्षमता ४८२ आणि त्यातला बहुतांश वाटा पठाराचा.

दोन्ही आकडे अर्ध्या सेलमधले आहेत हे विसरू नये. तरी माझ्या लेखी दुसरा प्रयोग मोलाचा, कारण तो गळतीच्या मुळाशी जातो. पहिल्याने खोली वाढवली, दुसऱ्याने दार बसवलं.

बाकीच्या उमेदवारांबद्दल थोडक्यात. कथील ८४७ देतं, पण भरताना मूळच्या पाचपट फुगतं, आणि दर फुगण्याला साय फाटते. फॉस्फरसचा सैद्धांतिक आकडा अडीच हजारांच्या वर, दुखणं तेच. न फुगणाऱ्या पदार्थांत बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातलं प्रेमकुमार सेनगुट्टुवन यांच्या गटाचं काम लक्ष ठेवण्यासारखं आहे. नायोबियम आणि व्हॅनेडियमच्या फॉस्फेटचे कण नॅनो आकाराचे केले, त्यांना कार्बनचं पातळ आवरण दिलं, थोडं ॲल्युमिनियम मिसळलं. २०२५ मध्ये त्यांनी ३००० हून जास्त चक्रं आणि सहा मिनिटांत ८० टक्के चार्ज जाहीर केला. या ॲनोडचं व्होल्टेज जास्त असल्याने सेलची ऊर्जा घटते, पण सोडियम धातू साचण्याची भीतीही उरत नाही.

करवंटी की कोळसा

कारखान्याच्या दाराशी प्रश्न वेगळा असतो. ग्लुकोजच्या वजनात कार्बन फक्त ४० टक्के, म्हणजे काहीही वाया न जाता टनाला चारशे किलो मिळणार, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. तापताना साखर वितळून फेसाळते ते निराळंच. चीनमधल्या भौतिकी संस्थेच्या गटाने म्हणून २०१६ मध्ये सरळ अँथ्रासाइट हा खाणीतला कोळसा १२०० अंशांवर भाजला. क्षमता २२२, पण माल स्वस्त आणि उतारा भरघोस. हायना ही कंपनी याच वाटेने गेली.

करवंटीचं आकर्षण कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तिचा कोळसा घट्ट असतो आणि जपानच्या कुरारेसारख्या कंपन्यांना वनस्पतीजन्य कार्बनचा जुना अनुभव आहे. मात्र करवंटीत पोटॅशियम असतं, उसाच्या चिपाडात आणि भाताच्या तुसात सिलिका असते, आणि त्यांचं प्रमाण जमिनीनुसार, हंगामानुसार बदलतं. आम्लाने धुवावं लागतं, धुतल्याचं पाणी निस्तरावं लागतं, आणि इतकं करून दोन खेपांचा माल सारखा निघाला पाहिजे. तेरा हजारांत एक चुकण्याची मुभा असलेल्या धंद्यात ‘यंदा करवंट्या जरा वेगळ्या आल्या’ हे कारण चालत नाही.

त्यामुळे आलेला माल पारखायची चाचणी हाताशी लागते. नेहमीची पद्धत नायट्रोजन वायू शोषायला लावून पृष्ठभाग मोजायची. पण बंद तोंडाच्या पोकळीत नायट्रोजन जातच नाही, म्हणून ही चाचणी फक्त गळतीची बाजू सांगते, साठ्याची नाही. साठ्यासाठी हेलियममध्ये घनता मोजतात. ग्राफाइटची घनता घन सेंटिमीटरला २.२६ ग्रॅम. हार्ड कार्बनची त्याहून जितकी कमी भरेल, तितक्या हेलियमलाही न सापडलेल्या पोकळ्या आत जास्त. नायट्रोजनचा आकडा लहान आणि हेलियमची घनता कमी, असा कोळसा हाती लागला की तो पूर्ण सेलमध्ये घालून पाहायला हरकत नाही.